नामपल्लीहून पुढे: परदेशात इंग्रजी शिकवायला काय लागतं?

मुंबईहून रात्री निघून पुणे, सोलापूर, कलबुर्गी करत येणारी हुसेनसागर एक्सप्रेस दुसऱ्या दिवशी ज्या स्टेशनात येऊन थांबते, त्याचं रेल्वेच्या दप्तरातलं नाव हैदराबाद डेक्कन. गाव त्याला नामपल्ली म्हणतं. स्टेशनाबाहेरून आबिड्सकडे जाणाऱ्या रस्त्यावर ‘गोल्डन थ्रेशोल्ड’ नावाचं एक जुनं घर आहे. निजामाच्या राज्यात इंग्रजी शिक्षणाचा पाया घालणाऱ्यांपैकी एक, अघोरनाथ चट्टोपाध्याय, यांच्या कुटुंबाचं हे घर. सरोजिनी नायडू त्यांची मुलगी. त्यांचा याच नावाचा इंग्रजी कवितासंग्रह १९०५ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला, आणि १९७४ मध्ये हैदराबाद विद्यापीठाचा कारभार सुरू झाला तोही याच घरातून. बंगाली आईवडिलांच्या पोटी जन्मलेल्या, हैदराबादेत वाढलेल्या मुलीने इंग्रजीत कविता लिहिली आणि लंडनच्या प्रकाशकाने ती छापली. त्याला शंभराहून अधिक वर्षं उलटली. आज त्याच रस्त्यावरून जाणाऱ्या इंग्रजीच्या एखाद्या एम.ए.ने कोरियात शिकवायला जायचं म्हटलं, तर तिथला व्हिसा विभाग पहिली चौकशी करतो ती पासपोर्ट ठरावीक सात देशांपैकी कुठला आहे याची.

ही चौकशी अन्यायाची आहे, आणि तिच्या मुळाशी आपण जाणार आहोत. पण ज्याला खरोखर जायचं आहे त्याने एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करावी. मातृभाषा आणि पासपोर्ट या दोन गोष्टी आपल्या हातात नाहीत. पदवी, वर्गातला सराव, भाषेची पातळी आणि कागदपत्रं या आहेत. आपला पैसा आणि आपली उमेदीची वर्षं या दुसऱ्या गटावर लावावीत, आणि पहिला गट जिथे कमीत कमी आड येतो असा देश निवडावा. बरेच तरुण नेमका उलटा क्रम धरतात. आधी कुठलं तरी ऑनलाइन प्रमाणपत्र विकत घेतात, मग देश ठरवतात, आणि त्या देशाचा व्हिसाचा कायदा सगळ्यात शेवटी वाचतात. तोवर पैसे गेलेले असतात.

जन्माने इंग्रजी बोलणारा माणूसच इंग्रजीचा उत्तम शिक्षक, ही समजूत अधिकृतपणे मांडली गेली ती जानेवारी १९६१ मध्ये. युगांडातल्या कंपाला इथे मॅकरेरे महाविद्यालयात राष्ट्रकुल देशांची इंग्रजी अध्यापनावर परिषद भरली होती. तिथल्या चर्चेतून जी गृहीतकं रुजली त्यात हे एक होतं. पुढे १९९२ मध्ये रॉबर्ट फिलिपसन यांनी आपल्या पुस्तकात या गृहीतकाची चिरफाड केली आणि त्याला सरळ भ्रम म्हटलं. हंगेरीचे पीटर मेजेश स्वतः इंग्रजी शिकून इंग्रजीचे शिक्षक झालेले. त्यांनी १९९४ च्या पुस्तकात दाखवून दिलं, की भाषा शिकून मिळवलेल्या शिक्षकाकडे असं काही असतं जे जन्मजात भाषिकाकडे नसतं. तो स्वतः त्या वाटेने गेलेला असतो, त्यामुळे विद्यार्थी कुठे अडखळणार हे त्याला आधीच ठाऊक असतं. श्रीलंकेचे जॉर्ज ब्रेन यांच्या पुढाकाराने १९९८ मध्ये टेसॉल या शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेत अशा शिक्षकांचा स्वतंत्र गट उभा राहिला, आणि २००६ मध्ये संघटनेने मातृभाषेवरून होणाऱ्या भेदभावाविरुद्ध निवेदन काढलं. विद्वानांच्या जगात हा वाद जवळजवळ मिटला आहे. व्हिसाच्या कायद्यांत तो मिटलेला नाही.

आपल्याकडे या समजुतीला छेद देणारी उदाहरणं मॅकरेरेच्या कितीतरी आधीची आहेत. १८७८ साली सतरा वर्षांचे रवींद्रनाथ टागोर विलायतेला जाण्याआधी मुंबईत प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी एक, डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर, यांच्या घरी राहिले. बोलण्यातली इंग्रजी आणि तिकडच्या रीतीभाती शिकण्यासाठी त्यांना तिथे ठेवलं होतं. शिकवणारी होती घरची मुलगी अन्नपूर्णा. ती इंग्लंडला राहून आली होती आणि टागोरांहून थोडीच मोठी होती. पुढे नोबेल मिळवणाऱ्या कवीला इंग्रजी संभाषणाचे धडे देणारी ही मराठी मुलगी. आजच्या कोणत्याही सरकारी तक्त्यात तिचं नाव ‘मातृभाषिक नाही’ याच रकान्यात पडलं असतं.

त्यानंतरचा मोठा अध्याय आफ्रिकेतला आहे. इथिओपियात माध्यमिक शिक्षण इंग्रजीतून चालायचं आणि शिकवणारे अपुरे होते. सम्राट हेले सिलासींच्या सरकारने भारतातून फार मोठ्या संख्येने शिक्षक नेले. त्यात केरळचे सर्वाधिक, पण मराठीही होते. दिलीप चित्रे १९६० मध्ये, पहिला कवितासंग्रह आला त्याच साली, शिक्षक म्हणून इथिओपियाला गेले आणि १९६३ पर्यंत तिथे राहिले. त्यांच्या पिढीला लागलं ते एवढंच: भारतीय विद्यापीठाची पदवी आणि जायची तयारी. ना आयईएलटीएस, ना १२० तासांचं प्रमाणपत्र. भूतानमध्ये १९६० च्या दशकात आधुनिक शाळा उभ्या राहिल्या तेव्हा तिथेही इंग्रजी माध्यमात शिकवायला भारतीय शिक्षकच गेले. पुढच्या काळात येमेन, लिबिया, एरिट्रिया, ओमान, सौदी अरेबिया इथल्या महाविद्यालयांत इंग्रजीचे भारतीय प्राध्यापक नेहमीचेच झाले. या देशांनी मातृभाषा विचारली नाही, एम.ए. आणि अनुभव विचारला. आजही भारतीय इंग्रजी शिक्षकाला सर्वात मोकळं दार याच पट्ट्यात आहे, आणि मला ते आपल्या लोकांना ठासून सांगावंसं वाटतं. स्वप्नं मात्र सगळी टोकियो आणि सोलची असतात.

आता हैदराबादकडे परत. नामपल्लीला मेट्रोत बसलं, अमीरपेटला गाडी बदलली, की तार्नाक्याला उतरता येतं. तिथे उस्मानिया विद्यापीठाला लागून इंग्रजी आणि परदेशी भाषा विद्यापीठ आहे. १९५८ मध्ये ‘सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश’ या नावाने ते सुरू झालं, मॅकरेरेची परिषद भरण्याच्या तीन वर्षं आधी. भारतातल्या इंग्रजीच्या शिक्षकांना कसं शिकवावं हे शिकवणारी केंद्रीय संस्था हवी, हा त्यामागचा विचार. सुरुवातीच्या वर्षांत तिचे संचालक होते विनायक कृष्ण गोकाक, कन्नडचे थोर कवी. सांगलीच्या विलिंग्डन आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात त्यांनी प्राचार्य म्हणून काम केल्यामुळे जुन्या मराठी विद्यार्थ्यांनाही ते आपले वाटत. १९७२ मध्ये संस्थेच्या नावात परदेशी भाषा आल्या, पुढच्या वर्षी अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, आणि २००७ मध्ये ते केंद्रीय विद्यापीठ झालं.

या संस्थेचं काम ज्याला नीट माहीत आहे त्याच्यापुढे मातृभाषिकाचा युक्तिवाद टिकत नाही. परराष्ट्र मंत्रालयाच्या योजनेतून आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतले अधिकारी आणि शिक्षक इंग्रजी शिकायला तार्नाक्याला येतात. एवढंच नाही. भारत सरकारने लाओस, कंबोडिया, म्यानमार आणि व्हिएतनाममध्ये इंग्रजी प्रशिक्षण केंद्रं उभारली ती याच विद्यापीठाच्या मदतीने. व्हिएतनाममधलं केंद्र दा नांग शहरात आहे. म्हणजे इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशा देशाने, इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशा शिक्षकांकरवी, तिसऱ्या देशाला इंग्रजी शिकवण्याचं काम सरकारी पातळीवर केलं आहे. मुलाखतीत ‘तुम्ही नेटिव्ह नाही’ असं कोणी म्हणालं, तर हे सांगायला संकोचू नये.

आता देशांचे नियम. हे नियम बदलत असतात, म्हणून अर्ज करण्याआधी त्या देशाच्या दूतावासाची ताजी अट वाचावीच. पण नियमांची जात फारशी बदलत नाही आणि ती समजून घेतली तर निवड सोपी होते.

दक्षिण कोरियाचा इंग्रजी शिक्षकांचा नेहमीचा व्हिसा अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांसाठी आहे. मात्र आपल्यासाठी एक खिडकी उघडी आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते. भारत आणि कोरिया यांच्यातला सर्वंकष आर्थिक भागीदारी करार १ जानेवारी २०१० पासून अमलात आला. त्यात भारतीय नागरिकांना सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून येऊ देण्याची तरतूद आहे. अट दुहेरी आहे: पदवी हवी आणि इंग्रजी शिकवण्याची अध्यापक पात्रता हवी. आपल्याकडे दुसरी अट पूर्ण करणारा कागद म्हणजे इंग्रजी अध्यापनपद्धती घेऊन केलेली बी.एड. चार आठवड्यांचं प्रमाणपत्र इथे कामाचं नाही.

जपानचा नियम वेगळ्या धाटणीचा आहे. तिथे नागरिकत्वाची यादी नाही. पदवीधर हवा, आणि इंग्रजी मातृभाषा नसेल तर बारा वर्षांचं शिक्षण इंग्रजी माध्यमातून झाल्याचा पुरावा सहसा मागतात. हैदराबादच्या आणि मराठवाड्याच्या घरांत या अटीचा अर्थ चटकन कळतो. उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये सुरू झालं ते उर्दू माध्यमाचं. इंग्रजी तिथे सक्तीचा विषय होता, माध्यम नव्हतं. म्हणून कित्येक घरांत आजोबांचं शिक्षण उर्दूतून झालं, वडिलांचं मराठीतून आणि नातवाचं इंग्रजीतून. वडील इंग्रजीचे नामवंत प्राध्यापक असले तरी जपानच्या या अटीत बसत नाहीत. नातवाचं इंग्रजी बेताचं असलं तरी तो बसतो. अट भाषेची म्हणून घातली असली तरी ती मोजते शाळेचं माध्यम. मराठी माध्यमातून शिकलेल्याने जपानवर वेळ घालवू नये, असंच मी सांगेन. ती त्याची उणीव नाही, आणि शक्ती लावायला त्याला दुसरे देश आहेत.

चीनमध्ये परदेशी भाषाशिक्षकाने सर्वसाधारणपणे आपली मातृभाषाच शिकवावी असा दंडक आहे. सोबत पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव. शिक्षणशास्त्राची पदवी किंवा मान्य अध्यापन प्रमाणपत्र असेल तर अनुभवाची अट सैल होते, मातृभाषेची सहसा होत नाही. त्यातून जुलै २०२१ मध्ये सरकारने खासगी शिकवण्यांवर कडक निर्बंध आणले आणि तो बाजार एकदम आकसला. विद्यार्थी किंवा व्यापारी व्हिसावर जाऊन तिथे शिकवण्याचा सल्ला देणारे एजंट भेटतात. हा गुन्हा आहे. त्यात अटक होते, देशाबाहेर काढतात, आणि पुढच्या प्रत्येक व्हिसाच्या अर्जात ती नोंद आडवी येते.

थायलंड आणि व्हिएतनाम तुलनेने मोकळे. थायलंडमध्ये कोणत्याही शाखेची पदवी चालते, पण मातृभाषिक नसलेल्यांना इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. टोइकमध्ये ६०० गुण ही नेहमी ऐकू येणारी अट. शाळेत कायम टिकायचं असेल तर तिथल्या शिक्षक परिषदेचा परवाना किंवा तात्पुरती सूट लागते. व्हिएतनाममध्ये पदवी आणि अध्यापनाचं प्रमाणपत्र अशी जोडी लागते, आणि मातृभाषिक नसलेल्याला भाषेच्या पातळीचा दाखलाही द्यावा लागतो. या दोन्ही देशांत आपली खरी स्पर्धा ब्रिटिश किंवा अमेरिकन तरुणांशी नसून फिलिपिन्सच्या शिक्षकांशी आहे. ते शिक्षणशास्त्राची पदवी घेऊन, देशातली परवाना परीक्षा उत्तीर्ण होऊनच बाहेर पडतात. म्हणून ज्याच्याकडे नुसती बी.ए. आणि ऑनलाइन प्रमाणपत्र आहे तो त्यांच्यापुढे मागे पडतो.

आखाताचं गणित सरळ आहे. तिथे दोन बाजार आहेत. सीबीएसईच्या भारतीय शाळांत इंग्रजीची पदवी किंवा एम.ए. आणि बी.एड. ही भारतातलीच पात्रता चालते. विद्यापीठांच्या पायाभूत वर्षाच्या वर्गांसाठी एम.ए. इंग्रजी किंवा भाषाविज्ञान, त्यावर काही वर्षांचा महाविद्यालयीन अनुभव, आणि जमल्यास सेल्टा हे केंब्रिजचं अध्यापन प्रमाणपत्र. दूरशिक्षणाने घेतलेली पदवी मात्र आखातात अनेकदा अडते. घरची परिस्थिती पाहून बाहेरून एम.ए. करणाऱ्या मुलींना हे कोणीच आधी सांगत नाही, आणि त्यांचं नुकसान सगळ्यात जास्त होतं.

ऑस्ट्रेलियाचं दुसरं टोक. तिथे शिक्षक म्हणून स्थलांतरासाठी पात्रता तपासून घ्यायची तर आयईएलटीएसमध्ये वाचन आणि लेखनात ७, ऐकणं आणि बोलण्यात ८ गुण लागतात. भारतातल्या इंग्रजी माध्यमाच्या पदवीमुळे ही परीक्षा माफ होत नाही. बोलण्यात ८ हा आकडा कठीण आहे, पण तो जन्मावर ठरत नाही, तयारीने मिळवता येतो. म्हणूनच मला ही अट कोरियाच्या यादीपेक्षा कितीतरी न्याय्य वाटते.

आता प्रमाणपत्रं, कारण सर्वात जास्त फसवणूक इथेच होते. बाजारात ‘१२० तासांचा टेफल कोर्स’ अशी शेकडो प्रमाणपत्रं मिळतात. जगभर चालेल असा शिक्का देणारी एकच संस्था अस्तित्वात नाही, त्यामुळे ‘आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त’ हे शब्द कोणीही छापू शकतो. पारखण्यासाठी एकच प्रश्न पुरतो: या कोर्समध्ये मी खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवणार का, आणि तेव्हा कोणी अनुभवी शिक्षक मागे बसून पाहणार का? केंब्रिजच्या सेल्टामध्ये किमान सहा तास असं निरीक्षणाखालचं अध्यापन करावं लागतं, दोन वेगवेगळ्या पातळ्यांच्या वर्गांत, प्रौढ विद्यार्थ्यांसमोर. चार लेखी स्वाध्याय असतात, अनुभवी शिक्षकांचे सहा तास बघायचे असतात, आणि बाहेरचा परीक्षक येऊन कोर्स तपासून जातो. ट्रिनिटी कॉलेज लंडनचं प्रमाणपत्र याच तोडीचं. दोन्ही मातृभाषिक नसलेल्यांना खुली आहेत, फक्त प्रवेशाच्या मुलाखतीत इंग्रजीची वरची पातळी दाखवावी लागते. खर्च भारतातही लाखाच्या घरात जातो, म्हणून तो कुठल्या देशासाठी करतोय हे आधी ठरलेलं असावं. कोरिया किंवा भारतीय शाळा हे ध्येय असेल तर तीच रक्कम आणि वेळ बी.एड.वर लावणं शहाणपणाचं. बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांची झाली आहे. तार्नाक्याच्या विद्यापीठाचा इंग्रजी अध्यापनातला पदव्युत्तर प्रमाणपत्र आणि पदविका अभ्यासक्रम हा तिसरा, आणि आपल्याकडे अकारण दुर्लक्षित राहिलेला पर्याय. आखातातल्या आणि आफ्रिकेतल्या महाविद्यालयांत त्या नावाला वजन आहे.

सेल्टाच्या वर्गात भारतीय उमेदवार कुठे अडतो हे सांगायला हवं, कारण परदेशी शाळेच्या मुलाखतीतला दहा-वीस मिनिटांचा नमुना-पाठ तिथेच फसतो. आपल्याला व्याख्यानाची सवय असते. फळ्यावर नियम लिहायचा, समजावून सांगायचा, आणि शेवटी ‘समजलं का?’ विचारायचं. वर्ग ‘हो’ म्हणतो. परीक्षकाच्या लेखी हा प्रश्न निरुपयोगी, कारण लाजणारा विद्यार्थी कधीच ‘नाही’ म्हणत नाही. त्याऐवजी समज उघडी पाडणारे छोटे प्रश्न विचारायचे. ‘शी यूज्ड टू लिव्ह इन नांदेड’ हे वाक्य शिकवलं, तर विचारावं: ती आत्ता नांदेडला राहते का? आधी राहायची का? एकदाच की बराच काळ? तीन उत्तरांत कळतं कोणाला समजलं. शिक्षकाने कमी बोलावं, विद्यार्थ्यांनी जोडीजोडीने जास्त बोलावं, आणि त्यांच्यासमोर काहीतरी काम असावं, नुसता नियम नसावा. कामातून भाषा शिकवण्याच्या ज्या पद्धतीचा आज जगभर बोलबाला आहे, तिचा एक मोठा सुरुवातीचा प्रयोग १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या साध्या शाळांत झाला. एन. एस. प्रभूंच्या नेतृत्वाखालचा तो बंगळूर प्रकल्प. १९८७ मध्ये प्रभूंनी त्यावर पुस्तक लिहिलं आणि ते जगभरच्या शिक्षक-प्रशिक्षणात वाचलं जातं. परदेशात जाणाऱ्या भारतीय शिक्षकाला हे नाव माहीत नसावं, याचं मला वाईट वाटतं.

उच्चारांबद्दल अकारण भीती असते. आर. के. बन्सल यांनी याच हैदराबादच्या संस्थेत काम करताना भारतीय इंग्रजी परक्या श्रोत्यांना किती कळते याचा अभ्यास केला. तो १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. अडचण प्रामुख्याने शब्दातला आघात चुकीच्या जागी पडल्याने होते, हे त्यातून पुढे आलं. इंग्लंडचा हेल आणावा लागत नाही. मराठीत प्रत्येक अक्षराला जवळपास सारखं वजन मिळतं, त्यामुळे आपण ‘हॉटेल’, ‘डेव्हलप’, ‘कमिटी’ सपाट बोलतो. इंग्रजीत या तिन्ही शब्दांत जोर दुसऱ्या अवयवावर. शब्दकोशातलं आघाताचं चिन्ह बघायची सवय लावली तर काही महिन्यांत फरक पडतो. दुसरी गोष्ट शब्दाच्या सुरुवातीच्या प, ट, क ची. इंग्रजीत तिथे श्वासाचा झोत असतो, आपला ‘पेन’ त्यांना ‘बेन’ ऐकू येऊ शकतो. पण प आणि फ, क आणि ख असा फरक मराठी कानाला लहानपणापासून माहीत असल्याने हे दुरुस्त करणं आपल्याला अवघड नाही. व्ह आणि व हा फरक आपण लिहिताना पाळतो, ‘व्हिसा’ आणि ‘वेटर’ वेगळे लिहितो. तोंडाने पाळायला मात्र शिकावं लागतं.

व्याकरणात आपण भक्कम असतो. मराठीत आर्टिकल नाही, तसंच ते जपानी, कोरियन, थाई आणि रशियन भाषेतही नाही. ‘ए’ आणि ‘द’ कधी लावायचं हे आपण नियमाने शिकलो, चुका करत शिकलो, त्यामुळे समजावून सांगू शकतो. जन्मजात भाषिकाला चूक ऐकू येते, कारण नेहमीच सांगता येत नाही. आपली कमजोर जागा वेगळी आहे. ‘आय ॲम हॅव्हिंग टू ब्रदर्स’, ‘डिस्कस अबाउट’, ‘डू द नीडफुल’ हे आपल्या कानाला बरोबर वाटतं. आपसात ते चालतं, आणि भारतीय इंग्रजी म्हणून त्याचा मान मी राखतो. पण बँकॉकच्या विद्यार्थ्याला परीक्षेत याचे गुण मिळणार नाहीत, म्हणून कुठलं रूप जगभर चालतं आणि कुठलं फक्त आपल्याकडे, हे शिक्षकाला नेमकं माहीत हवं.

पात्रता मिळाली तरी ती कागदावर सिद्ध करावी लागते. पदवी ज्या राज्यातल्या विद्यापीठाची, त्या राज्यानेच तिची खातरजमा करायची असा नियम. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची पदवी घेऊन हैदराबादेत स्थायिक झालेल्याला त्यासाठी महाराष्ट्राकडेच जावं लागतं, तर हैदराबादेत इंटरमिजिएट केलेल्याच्या प्रमाणपत्राचं मूळ नामपल्लीतल्या इंटरमिजिएट शिक्षण मंडळात. राज्यानंतर परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. कागदपत्रांवरचा शिक्का परस्पर मान्य करणाऱ्या अपॉस्टिल करारात भारत २००५ पासून आहे, आणि जपान, दक्षिण कोरिया, ओमान, सौदी अरेबियाही त्यात आहेत. या देशांसाठी मंत्रालयाचं अपॉस्टिल पुरतं. करारात नसलेल्या देशासाठी त्या देशाच्या दूतावासाची आणखी एक पायरी चढावी लागते. पदवीवरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. मराठी नावांत वडिलांचं नाव मधे येतं, लग्नानंतर ते बदलतं, आणि नेमकं इथेच अर्ज महिनोन्‌महिने अडकतात. राजपत्रात नाव बदलून घेणं, पोलीस पडताळणीचा दाखला, विद्यापीठाकडून शिक्षणाच्या माध्यमाचं पत्र, ही कामं नोकरी मिळण्याआधीच करून ठेवावीत.

शेवटी एजंट. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्याला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी लागते, आणि सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर ती नोंदणी कोणालाही पाहता येते. उमेदवाराकडून घ्यायची सेवा-रक्कम जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी. ती घेतल्याची पावती मिळाली पाहिजे. त्याहून जास्त मागणारा नियम मोडतो आहे. दहावी उत्तीर्ण असलेल्याच्या पासपोर्टला उत्प्रवासाची वेगळी परवानगी लागत नाही, म्हणून एजंट ‘तुम्हाला कुठलाच नियम लागू नाही’ असं सांगतात. त्यांना स्वतःला तो लागू असतो. करारपत्र सही करण्याआधी हातात घ्यावं आणि त्यात पाच-सहा गोष्टी बोट ठेवून शोधाव्यात: आठवड्याचे तास म्हणजे वर्गातले तास की शाळेत थांबण्याचे, सुट्टीतला पगार मिळतो का, परतीचं तिकीट कोण देतं, पासपोर्ट कोणाकडे राहणार, मुदतीआधी सोडलं तर दंड किती, आणि मातृभाषिक शिक्षकांना त्याच कामाचे किती देतात. शेवटचा प्रश्न विचारायला आपली माणसं लाजतात. थायलंडसारख्या देशात दोन वेगळे पगार उघडपणे असतात, म्हणून तो लेखी विचारावा आणि लेखी उत्तर आल्याशिवाय सही करू नये.